वरच्या खोलीतला नळ

पंप बिघडला की लोक आधी त्याला शिव्या देतात, मग नारळ फोडतात, आणि दोन्हींनी काही झालं नाही की भोरला माझ्या दुकानावर येतात. तोवर निम्मे बोल्ट हरवलेले असतात. म्हणून वैशाखातल्या त्या सकाळी गेनू बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला रामराम करायच्या आधी विचारलं, "काय काय उघडलंत?"

"कशालाच हात लावला न्हाई, उस्मानमिस्त्री," गेनू म्हणाला. "नळाला जोरच न्हाई. हापसून हापसून माझं खांदं निखळायची येळ आली, पर टाकीत थेंब पडंना."

गेनू हा भाटघरच्या मानसिंगरावांचा गडी. मानसिंगरावांनी धरणाच्या बांधकामाला खडी पुरवून पैसा केला. काम संपल्यावर लिलावात निघालेले लोखंडी नळ, हाताने हापसायचा दट्ट्याचा पंप आणि एक टाकी विकत घेतली, आणि धरणाच्या पाण्यापासून वरच्या अंगाला दुमजली घर बांधलं. आवारात विहीर, विहिरीवर पंप, तिथून नळ भिंतीने सरळ वर टाकीत आणि टाकीतून घरभर तोट्या. आजूबाजूच्या गावच्या बायका नुसती तोटी फिरवून बघायला यायच्या. हे सगळं बसवायला त्यांनी मला न बोलावता पुण्याचा माणूस आणला होता, तो राग माझ्या मनात होताच. त्यामुळे गाडीत बसताना मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

"कधीपासून असं?" मी विचारलं.

"धाकल्या वयनी बाळंत झाल्यापासनं." एवढं बोलून त्याने बैलांना उगाच चाबूक दाखवला. 

घरी पोचलो तर ऊन चढलं होतं. मानसिंगराव घरात नव्हते. सून तापाने फणफणली होती म्हणून पुण्याहून मुलाला आणि डॉक्टरला आणायला गेले होते. घरात होत्या त्यांच्या पत्नी ठकुबाई, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत ती बाळंतीण, सगुणा. दाराला घोंगडी लावलेली. आतून ओव्याच्या धुरीचा, बाळंतशोपेचा आणि तापाचा असा मिळून एक वास येत होता. घोंगडीपलीकडून मधूनच पोरीचा आवाज यायचा, वाळलेल्या पानासारखा.

"आत्याबाई... घोटभर... व्हट तरी वले करा..."

ठकुबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. किती रात्री जागल्या होत्या कोण जाणे. "न्हाई गं माझी बाय," त्या म्हणत होत्या. "बाळंतिनीला पानी म्हंजी इख. पाचवी होऊ दे, मग पी."

ही रीत आमच्याही घरांत होती, त्यामुळे मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. मी आपली पिशवी उचलून विहिरीकडे गेलो.

पंप उघडला. दट्ट्याचं चामडं चांगलं मऊ होतं. तळाची झडप वर काढून पाहिली, तीही नीट बसत होती. सांधे हवा घेत असतील म्हणून पुन्हा सुतळी गुंडाळून सफेद्याचा लेप भरला. मग गेनूला म्हटलं, "हापस." दांडा जड चालत होता. पाणी वर चढत असलं की चालतो तसाच. विहिरीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली जात होतं. मी शिडी लावून टाकीत डोकावलो, तर तळाला गंजाचे पापुद्रे, आणि तेही कोरडे.

पाणी निघत होतं, आणि पोचत नव्हतं. मधे नळ फुटला म्हणावं तर मातीची भिंत एव्हाना ढासळायला हवी होती. भिंत ठणठणीत होती.

अशा वेळी मी पाना वापरतो. पान्याचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. लोखंड सगळं बोलतं. खाली नळाशी ऐकलं, पाणी खळखळत वर जात होतं. शिडीवरून थोडं वर गेलो, तिथेही तेच. वरच्या मजल्याच्या उंचीला पोचलो आणि पाना टेकवला.

गटक.

मग थोडं थांबून पुन्हा, गटक... गटक...

हवा अडकली की नळ असे आवाज करतो, मला ठाऊक आहे. मी गेनूला हात करून थांबवलं. दांडा थांबला. नळातलं पाणी थांबलं. तरी आतून आणखी दोनदा आवाज आला, आणि मग तहान भागली नसताना भांडं रिकामं झाल्यावर माणूस सोडतो, तसा एक लांब श्वास.

 पाना हातातून सुटून खाली पडला.

"गेनू," मी खाली येऊन हळूच विचारलं, "ह्या भिंतीच्या मागं काय हाय?"

"वरची खोली." तो माझ्याकडे बघेना. "भिमावयनींची. धाकल्या मालकांच्या पयल्या बायकूची. त्या गेल्या त्येला वरीस झालं, तवापासनं कुलूप हाय."

"खोलीत नळ हाय?"

त्याने होकाराची मान डोलावली.

किल्ली मागितली तेव्हा ठकुबाईंनी कमरेची काढून दिली. गेनू जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबला, त्याच्यापुढे काही यायला तयार होईना. मी एकटाच वर गेलो.

वर्षभर बंद असलेल्या खोलीला धुळीचा वास यावा. इथे बाळंतशोपेचा वास होता, ताजा. बाहेर अंग भाजत होतं आणि आत पायाखालची जमीन गार लागत होती. कोपऱ्यात एक बाज उभी करून ठेवलेली. पलीकडच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, पितळी तोटी. तिच्या तोंडात लाकडाची मेख ठोकलेली होती, चांगली घट्ट.

"ही मेख कुनी ठोकली?" मी तिथूनच विचारलं.

 जिन्यातून गेनू म्हणाला, "म्याच. मालकिनीनं सांगितलं म्हनून. भिमावयनींना बी बाळंतपनात असाच ताप भरला व्हता... बाजंवरनं उतरून सरपटत जायच्या, तोटीला त्वांड लावायच्या. मग ठोकली. त्यानंतर बी जाऊन नुसत्या मेख चोखीत बसायच्या, मिस्त्री... दोन दिस तग धरला."

मी चिमट्याने मेख धरली आणि हलवून हलवून ओढली. सुटली. मी पटकन बाजूला झालो, पाण्याची धार अंगावर येईल म्हणून. धार आली नाही. खाली गेनूचा दांडा थांबला होता खरा, पण नळात उभं असलेलं पाणी तरी यायला हवं होतं. मी तोटीच्या तोंडावर तळहात धरला.

नळ ओढत होता. लेकरू आईला ओढतं, तसा माझा तळहात आत ओढत होता. मी हात हिसडून घेतला. तळव्यावर गोल लाल वण उठला होता.

मग मी हातातल्या मेखेकडे पाहिलं. बाहेरचं टोक हातोडीच्या घावांनी चेपलेलं होतं. आतलं टोक, जे इतके दिवस नळाच्या आत होतं, ते कुरतडलेलं होतं. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, वरच्या आणि खालच्या.

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. मी भित्रा माणूस नाही, पण त्या दिवशी मी भ्यालो. गेनूला म्हणालो, बैल जुंप. तो जुंपायला निघालासुद्धा. तेवढ्यात घोंगडीआडून सगुणेचा आवाज आला. आता ती शब्द बोलत नव्हती. नुसती जीभ टाळ्याला लागून सुटल्याचा आवाज येत होता. माझी बायको अन्वरी तेव्हा घरी बाळंतपणाचे दिवस मोजत होती. पाय उचलेना.

मी ठकुबाईंसमोर मेख ठेवली. "मावशी, हे बगा."

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. बोट दातांच्या खुणांवरून फिरवलं. रडतील असं वाटलं, पण त्या रडल्या नाहीत.

"तिचा टाक क्येला म्या," त्या हळू म्हणाल्या. "चांदीचा. ह्या पोरीच्या गळ्यात बांधला, सवतीचा तरास नगं म्हनून. दर अवसंला नैवेद दावते. पुरनपोळी, भात, कायसुदीक कमी क्येलं न्हाई..."

"आन पानी?"

"अं?"

"नैवेदासंगं पानी ठिवता?"

 मी काहीतरी वेडगळ विचारलंय असा त्यांचा चेहरा झाला.

"पानी कसं ठिवू?" त्या म्हणाल्या. "बाळंतीन व्हती न्हवं ती."

 त्या बाईच्या मनात दुष्टावा नव्हता हो. तिने स्वतःची बाळंतपणंही अशीच काढली होती. मेलेल्या सुनेची प्रकृती बिघडू नये म्हणून ती वर्षभर तिला पाणी न ठेवता जेवू घालत होती.

"मावशी," मी म्हटलं, "कोरडा पंप पानी देत न्हाई. आदी त्येला पाजावं लागतं, मगच त्यो दुसऱ्याला देतो. तुमच्या घरात कुनी तरी कोरडं ऱ्हायलंय. तिला पाजा. न्हाई तर ह्या पोरीला तुमी उद्या द्यायचं म्हनलं तरी पानी मिळनार न्हाई."

त्या उठल्या. तांब्या भरून घेतला आणि जिना चढल्या. मी दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही. त्यांनी तांब्या खालून वर धरला, तोटीचं तोंड पाण्यात बुडेल असा.

"भिमे," त्या म्हणाल्या. "पी."

तांब्यातलं पाणी खाली खाली गेलं. गटक, गटक. रिकामा झाला. गेनू खालून घागर घेऊन आला, भीत भीत उंबऱ्यात ठेवून पळाला. दुसरा तांब्या गेला. तिसरा. घागर संपली, दुसरी आली. ठकुबाईंचा पदर भिजला होता. "पी बाय... मला काय ठावं व्हतं गं... पी..." ऊन उतरून खिडकीतून आत आलं, तरी हे चाललेलंच होतं. मी नमाजातली जी काही वाक्यं येत होती ती मनात म्हणत उभा होतो.

मग एका तांब्याला पाणी खाली गेलं नाही. तांब्या भरला, भरून वाहू लागला. तोटीतून धार सुटली. डोक्यावर टाकीत पाणी कोसळल्याचा आवाज आला.

ठकुबाई तोच तांब्या घेऊन धावत खाली गेल्या आणि घोंगडी बाजूला सारून आत शिरल्या. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. पोरगी पाणी प्यायली. पिता पिता ठसका लागला, थांबली, पुन्हा प्यायली. मला इतका आनंद झाला की मी गेनूच्या पाठीत एक गुद्दा घातला.

दिवेलागणीला सगुणेला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. तिने बाळाला जवळ मागितलं. गेनूने गाडी जुंपली. मी अंगणातल्या तोटीखाली हातपाय धुतले, पाण्याला असा जोर होता की बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. चिखल झाला म्हणून मी जरा बाजूला सरकून उभा राहिलो.

ठकुबाई कंदील घेऊन बाहेर आल्या. चेहरा उतरलेला, पण शांत होता.

"लई उपकार झालं, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "ह्या गडबडीत सकाळधरनं माझ्याबी घशाखाली काय गेलं न्हाई बगा." त्यांनी कंदील खाली ठेवला, तोटी सोडली, वाकून ओंजळ धरली. धार ओंजळीत पडत होती. त्यांनी ओंजळ तोंडाशी नेली, थांबल्या, पुन्हा धरली. पुन्हा तोंडाशी नेली. मग तिसऱ्यांदा.

हळूहळू त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जीभ ओठांवरून फिरवली.

"मिस्त्री... ह्या तोटीला पानी येतंय न्हवं?"

"येतंय की, मावशी," मी म्हणालो. "धो धो चाललंय..."

त्यांनी आता तोंडच धारेखाली धरलं. मी कंदील उचलून जवळ नेला. पाणी जोरात त्यांच्या तोंडावर पडत होतं, आवाज येत होता. ओठ मात्र पांढरे पडून भेगाळले होते, आणि मघाशी माझ्या पायाखाली झालेला चिखल जिथे त्या उभ्या होत्या तेवढ्याच जागी वाळून फुटला होता.