टोपीखालचं शहर

"विमानानं नऊ हजार किलोमीटर म्हणे... माणूस आहे की पाखरू?" आत्या काउंटरवर कोपर टेकून पुटपुटत होत्या. "आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफा निघतात. स्वेटर जाडच विणा हो."

स्वेटरवालीनं मान डोलावली आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या भाच्याकडे पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. महिनाअखेरीला दोन वर्षांसाठी परदेशी कामाला निघाला होता. मापासाठी त्यानं हात पुढे केला आणि हसला. झालं खरं तर एवढंच, पण टेप तिच्या हातून दोनदा निसटली.

"शहर आहे तरी कुठं हे?" तिनं विचारलं.

काचेच्या कपाटात एका पृथ्वीगोलाला लोकरीची टोपी घातलेली होती, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यानं ती अलगद वर सरकवली. "हे काय. टोपीखाली."

"मग तिथल्यांना कसली आलीय थंडी?"

लाल लोकरीचं एक टोक तिनं इथल्या ठिपक्यावर धरलं, दुसरं त्यानं तिथल्या.

"ताणून धरा. विमान असं लोंबकळत जात नाही."

"वीतभर तर आहे," तो म्हणाला.

"दोन्ही टोकं एकाच दुकानात आहेत म्हणून."

लोकर मात्र दोघांपैकी कुणीच सोडेना.

मग तो रोज कामावरून येता येता माप बघायला डोकावू लागला. पाठ झाली, पोट झालं, गळाही झाला. बाह्यांचं मात्र घोडं अडलं ते अडलंच.

"आज उजवी की डावी?"

"जी अर्धवट असेल ती."

"दोन्ही आहेत."

"मग बसतो जरा."

उड्डाण दोन दिवसांवर आलं, तशा आत्या त्याच्यासोबत स्वतःच आल्या. उभा जन्म सुया चालवलेली बाई ती; हल्ली बोटं आखडतात म्हणून स्वेटर दुकानात दिलेला. बाही हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला.

"काल हा म्हणाला, कोपराच्या वर गेली. आज परत मनगटावर कशी आली? उंदरानं खाल्ली?"

"मी उसवली," स्वेटरवाली खाली बघत म्हणाली. "माप चुकलं होतं."

"ते माझ्यामुळे," तो घाईनं म्हणाला. "मी... कोपर जरा वाकवून धरत होतो."

"चुकून?"

"रोज."

आत्या एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. मग "बटणं बघते हं मी," म्हणून पाठमोऱ्या झाल्या. स्वेटरला बटणं नव्हतीच.

पंखा फिरत होता. त्यानं घसा खाकरला. तिनं टेप उचलली, त्याच्या खांद्यावर टेकवली. 

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "नऊ हजार किलोमीटरवरूनही आवडाल. आता हात सरळ धरा."