आढीच्या खोलीत भरलेली कॅसेट

मामाच्या मित्राला दिसलं, गावात कुणीतरी सांगितलं, असली ही गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होते. माझा चुलतभाऊ शार्दूलही होता. तो आज डोंबिवलीत राहतो. त्याला विचारून बघा, तो विषय बदलेल.

आणि रात्र वगैरे नव्हती हो. भर दुपार होती. २००४ सालचा मे महिना, शेवटचा आठवडा.

आमचं घर हातखंब्याच्या अलीकडे, रत्नागिरीच्या रस्त्याला. साधं स्लॅबचं घर, बाबांनी बांधलेलं. मागे हापूसची बाग आणि बागेच्या कडेला चिऱ्याची एक खोली. तिला आम्ही आढीची खोली म्हणतो. काढलेला आंबा तिथे पेंढ्यात घालून पिकवायचा. एकच दार, एक बारकी खिडकी, आणि हंगामात तीही गोणपाटाने बुजवलेली.

त्या खोलीचा आमच्या घरी एक नियम होता. कुणी आत गेलं की बाहेरच्याने मधून मधून हाक मारायची. आतल्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर दार ढकलून आत शिरायचं.

बाबा म्हणायचे, "आंबा पिकायला लागला की खोलीतली हवा खातो. माणूस कधी चक्कर येऊन पडला ते त्याचं त्यालाही कळत नाही."

लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो, त्यामुळे त्यात भीती कसली वाटणार? झोपताना गॅस बंद करतात तसंच ते.

शार्दूल माझ्याहून वर्षाने मोठा. मुंबईत कॉलेजला होता आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करायचा. त्या सुट्टीत तो सीडींची पिशवी घेऊन आला. त्यात सिनेमाचं एकही गाणं नव्हतं. सगळी नव्या नव्या बँडची, त्याच्यासारख्याच पोरांनी कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या गच्चीवरच्या खोलीत पदरमोड करून रेकॉर्ड केलेली. सीडीवर मार्करने बँडचं नाव, बस.

"याला इंडी रॉक म्हणतात. तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

पहिलंच गाणं ऐकलं आणि मी वेडी झाले. गिटार भांडायला उठल्यासारखी वाजत होती. गाणारा धड गातसुद्धा नव्हता, पण जे म्हणत होता ते मनापासून म्हणत होता. मी एकोणीस वर्षांची, बारा महिने आंबा, कोकम आणि पाहुणे. मला वाटलं, अरे, हा तर माझ्याच मनातलं ओरडतोय.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही भांडून भांडून गाणी निवडली. माझी, फक्त माझी कॅसेट. ए बाजूला दणकेबाज गाणी, बी बाजूला संथ. पहिलं गाणं कुठलं घ्यायचं यावरून मी एक अख्खा दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

पण भरायची कशी? घरात कॉम्प्युटर नव्हता. टेप होता तो आईचा, भजनं ऐकायचा, त्याला वायर जोडायची सोय नाही. मग एकच मार्ग उरला. शार्दूलच्या डिस्कमनला बारके स्पीकर लावायचे, समोर टेप ठेवायचा आणि टेपच्याच माईकवर गाणी भरायची. तेवढा वेळ कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

पहिल्या प्रयत्नात ऐन रंगात कुकरची शिट्टी आली. दुसऱ्यात हायवेवरचा ट्रक.

तिसरा प्रयत्न शेवटचा होता. संध्याकाळच्या गाडीने शार्दूल निघणार होता आणि सीडी त्याच्या मित्रांच्या, म्हणजे त्याही जाणार होत्या.

आढीची खोली त्यालाच सुचली. त्याने आत उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. चहूबाजूंनी पेंढा, चिऱ्याच्या जाड भिंती.

"मनू, अगं हा तर स्टुडिओ आहे!"

आई बाहेर फणसाच्या सावलीत कोकमं फोडत बसली होती. तिला हे पसंत नव्हतं. शार्दूलला दमा होता, आणि पेंढ्याची धूळ म्हणजे त्याला विषच.

"काकू, पंप आहे की माझ्याकडे," तो म्हणाला.

पंप होता. घरात, भरून ठेवलेल्या बॅगेत.

"दार लावून घ्यायचं नाही हां," आई म्हणाली.

"आई, दार उघडं ठेवलं तर गाण्यांच्या जागी कावळेच भरले जातील."

"मग मी हाक मारणार. गाणं थांबलं की मारीन, मधे नाही मारणार. पण ओ द्यायची. ओ आली नाही तर मी सरळ आत येणार, मग तुमची कॅसेट गेली चुलीत."

आंबा भरायला येणारी चिमा पेट्या उचलता उचलता थांबली. म्हणाली, "ताय, भर दुपारची नको गो बसू आत."

आम्ही दोघंही हसलो. वीज गेलेलीच होती. टॉर्च, सेल आणि सीडी घेतल्या आणि दार लोटून घेतलं. ते दार आतल्या बाजूला उघडतं. त्याला ना खिटी, ना कुलूप. लोटलं की बसतं, ओढलं की उघडतं.

निदान तोवर तरी तसंच होतं.

आत गरम होतं. आंब्याचा वास इतका दाट की जिभेवर चव यावी. पहिलं गाणं लागलं, टेपची चक्रं फिरायला लागली आणि आम्ही पुतळ्यासारखे बसलो. काय सांगू, ती गाणी तिथे फार सुंदर वाटत होती.

तिसरं गाणं संपलं. शार्दूल सीडी बदलायला लागला.

बाहेरून आई... "मनू, आहेस काय गो?"

"आहे!" मी ओरडले.

"बरं."

चौथं गाणं झालं. हाक आली नाही.

पाचवं झालं. तरीही नाही.

आईचा डोळा लागला असेल असं वाटलं. पण मग माझ्या लक्षात आलं... कावळेही ओरडत नव्हते. शेजारच्या बागेतला पाण्याचा पंप इतका वेळ धडधडत होता, तोही ऐकू येईना. बाहेरच काही उरलं नसावं, इतकं शांत.

शार्दूल खोकला.

मी डोळे वटारले, कारण सहावं गाणं चालू होतं. त्याने तोंड दाबलं. पुन्हा खोकला. टॉर्चच्या उजेडात त्याचा चेहरा घामाने चमकत होता आणि श्वासाबरोबर बारीक शीळ वाजत होती. ती शीळ मी लहानपणापासून ओळखते. तिच्यानंतर काय होतं तेही माहीत होतं.

"पंप..." तो म्हणाला.

मी उठून दार ओढलं.

उघडलं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. पाय भिंतीला लावून ओढलं. दार असं बसलेलं की भिंतीतच बांधलंय. शार्दूलने येऊन माझ्याबरोबर जोर लावला आणि दोनच झटक्यांत खाली बसला.

"आई!" मी ओरडले. "आई, दार ढकल!"

काहीच नाही.

मी दारावर मुठी मारल्या. आवाज हाताजवळच मरत होता. जी खोली आम्हाला स्टुडिओ वाटली होती, तिने आता माझं ओरडणंही गिळलं. डिस्कमन एका लाथेसरशी उडवला, गाणं बंद पडलं. आता तर आईला ऐकू यायलाच हवं ना? गाणं थांबलं की ती हाक मारणार होती. ओ आली नाही की आत येणार होती.

मी वाट बघितली.

हाक आलीच नाही.

खिडकीचं गोणपाट ओरबाडून काढलं. खिडकीपलीकडे पेट्यांची थप्पी रचलेली. हवेची एक फट नाही, उजेडाचा कवडसा नाही. मागे शार्दूल पेंढ्यात कलंडला होता आणि एकेक श्वास विहिरीतून ओढल्यासारखा ओढत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. घसा फाटेपर्यंत ओरडले. आई, बाबा, चिमा... देवाचंसुद्धा नाव घेतलं. माझ्या मांडीवर माझा भाऊ मरणार होता आणि आई दहा पावलांवर बसली होती.

त्याची शीळ थांबली. मला वाटलं, संपलं.

आणि दार उघडलं.

आईने एका हाताने ढकललं, तेसुद्धा हळूच. हात कोकमाने लालभडक.

पुढचं धड आठवत नाही. बाबांनी जीप काढली, चिमाने बॅग उपडी करून पंप शोधला, रत्नागिरीत दवाखाना गाठला. रात्री डॉक्टर म्हणाले की वाचला, आणि तेव्हा मी रडले.

मग मी आईवर तुटून पडले. "ऐकू येत नव्हतं तुला? किती ओरडत होते मी!"



"ओरडत कुठे होतीस? मी हाक मारत होते, तू ओ देत होतीस."

"कधी?"

"दर वेळी, गाणं थांबलं की. मी विचारलं, आहेस काय गो. तू म्हणालीस, आहे. पुन्हा विचारलं. आहे, म्हणालीस. तीन-चारदा झालं. मग मला शार्दूलची काळजी वाटली, म्हणून त्याला हाक मारली. त्याची ओ आली नाही..."

ती हातावरचा कोकमाचा डाग पुसायला लागली.

"म्हणून मी आत आले."

शार्दूल दवाखान्यातूनच मुंबईला गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही.

टेप चार दिवस आढीच्या खोलीतच पडून होता. बाबांनी तो आणून दिला. कॅसेट आतच होती, ए बाजू शेवटपर्यंत गेलेली. त्या गडबडीत टेप बंद करायचं कुणाला सुचणार? म्हणजे तो चालूच होता. म्हणजे माझं ओरडणं, दारावरचे धक्के, शार्दूलची धाप, सगळं त्यात असणार होतं. आईला ऐकवायचंच असं ठरवून मी तिला समोर बसवलं.

गाणी सुरू झाली. स्वच्छ. सहावं गाणं मधेच तुटलं.

मी म्हटलं, "आता ऐक."

शांतता... टेपची खरखर...

मग लांबून आईचा आवाज. "मनू, आहेस काय गो?"

आणि अगदी माईकजवळून, शांतपणे... "आहे."

माझा आवाज होता तो.

माझं ओरडणं नव्हतं. धक्के नव्हते. शार्दूलचा एक श्वासही नव्हता. नुसती खरखर, थोड्या वेळाने आईची हाक, आणि "आहे". पुन्हा हाक. पुन्हा "आहे". आवाज जरा झोपाळलेला, निवांत. घाई नसलेला.

मग आई म्हणत होती, "शार्दूल? तू रे? शार्दूल!"

टेपवर ओ आली नाही.

आणि मग... माईकजवळ कुणीतरी खोकलं. हळूच, एकदाच. जमतंय का ते बघितल्यासारखं.

लगेच दार उघडल्याचा आवाज. आईची किंचाळी, धावपळ, पावलं लांब गेली. खोली रिकामी झाली. टेप चालूच होता. अंगणातून आई ओरडत होती, "मनू, जीपमध्ये उशी टाक! मनू!"

मी तेव्हा अंगणात होते. शार्दूलचे पाय धरून जीपपाशी उभी होते. शपथेवर सांगते.

माईकजवळून आलं... "आहे."

आईने पुढे होऊन टेप बंद केला.

"आई, ही मी नाही," मी म्हटलं.

"माझ्या मुलीचा आवाज मला कळत नाही काय?" ती म्हणाली. मग तिला स्वतःलाच कळलं की आपण काय बोललो, आणि ती तोंडाला पदर लावून उठून गेली.

बाबांनी कॅसेट जाळली. पावसाळा संपल्यावर ती खोलीही पाडली. दाराच्या चौकटीत काही दोष नव्हता, असं सुतार म्हणाला. त्या खोलीत पूर्वी काही घडलं होतं का, हे मी खूपदा विचारलं. बाबा म्हणतात, काही नाही, आंबेच ठेवत होतो. मला ते खरं वाटतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

त्या दिवसापासून आईने मला हाक मारलेली नाही.

माहेरी गेले आणि तिला माझ्याकडे काही काम असलं, तर ती मला शोधत घरभर फिरते. समोर येते, चेहरा नीट बघते, मग बोलते. फोनवर तर बोलतच नाही. वीस वर्षं बाबाच फोन घेतात, तिचे निरोप तेच सांगतात. सुरुवातीला मी चिडायचे. आता फक्त वाईट वाटतं. आई जिवंत असून तिची हाक ऐकायची नाही, हे ज्याचं त्यालाच कळतं.

गेल्या महिन्यात बाबा बागेत होते. फोन बराच वेळ वाजला आणि आईनेच उचलला.

"आई, मी मनू," मी म्हटलं.

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "मनूच काय गो?"

काय सांगितलं असतं म्हणजे तिला पटलं असतं?

"होय आई. मीच आहे," मी म्हटलं.

आईने फोन ठेवला.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या खोलीतलीनेही हेच सांगितलं असतं, याच आवाजात.