नवव्या दारातली फट

ही हकिकत आमच्या काकांच्या साडूची. काका भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले. साडू तेथेच फलाटावरील काचेच्या दारांचा मेकॅनिक होता. एका रात्री जेवणे आटोपल्यावर काकांनी ती आम्हा पुतण्यांना सांगितली. मी ती शक्यतो त्यांच्याच शब्दांत नोंदवीत आहे.

"फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. रात्रीचे एक चाळीस," काकांनी सुरुवात केली. "साडू नवव्या दाराचा सेन्सर बघायला गेला होता. दार आणि गाडी यांच्यामध्ये हातभर फट असते. तिथे कोणी अडकलं की दिवा लाल होतो आणि दार पुन्हा उघडतं. इथे फट रिकामी, तरी दिवा लाल. दोन महिने हेच."

"सेन्सर खराब असेल," धाकटा म्हणाला.

"तीन बदलले, शहाण्या! तू काय साहेबांचा जावई आहेस?"

हे साहेब म्हणजे त्या स्थानकाचे प्रमुख अभियंता. काकांच्या मते नोकरी इस्त्रीच्या शर्टाला लागली होती, आत माणूस योगायोगाने सापडला. दारे बसवण्याच्या काळात एक नियम होता: रुळांच्या बाजूला उतरणाऱ्याने स्वतःचा बिल्ला फळ्यावर अडकवायचा, आणि बिल्ला लटकत असेपर्यंत गाडी हलवायची नाही. एका रात्री सगळे वर आलेले दिसले, तरी एक बिल्ला तसाच होता.

"'विसरला असेल कोणी गाढव,' म्हणत साहेबांनी तो काढून खिशात घातला," काका म्हणाले. "गाडी हलली. नवव्या दाराच्या फटीत एक फिटर होता. चौकशीत तो बेशिस्त ठरला, साहेबांना बढती मिळाली. असे हे थोर पुरुष."

त्या मंगळवारी हेच थोर पुरुष फलाटावर हजर झाले. सकाळी तपासणी होती.

"सेन्सरची जोडणी तोडून टाक," ते साडूला म्हणाले.

"साहेब, आत काहीतरी आहे, असं तो सांगतोय."

"काय आहे? भूत? पाना धड धरता येत नाही तुम्हा लोकांना, भुतं मात्र बरोबर दिसतात! मी स्वतः उभा राहतो आत. माणूस असो-नसो, दिवा लालच, हे एकदा बघ आणि मग तोड."

चाचणीची गाडी फलाटाला लागली होती. चालकाला शिस्त एकच: सगळे दिवे हिरवे झाले की निघायचे. साहेब पोट आत ओढून फटीत अंग चोरून उभे राहिले.

"लाव दार."

साडूने किल्ली फिरवली. दार सरकले. मिटले.

उघडले नाही.

आणि दिवा...

"हिरवा," काका हळूच म्हणाले. "दोन महिन्यांत पहिल्यांदा. आत जिवंत माणूस असताना."

"म्हणजे... आधी जो आत होता, तो...?"

काका पुढे सांगत राहिले.

साडूच्या शेजारी कोणीतरी येऊन उभे राहिले होते. पावले वाजली नव्हती. ग्रीसचा वास मात्र आला. साडूने मान वळवली नाही. किल्ली फिरेना. गाडीचे ब्रेक सुटल्याचा आवाज झाला. साहेब काचेवर मुठी आपटत होते... ओठ हलत होते... ऐकू काहीच येत नव्हते.

आपत्कालीन बटण दहा पावलांवरच्या खांबाला होते. साडू धावला. गाडी हलली. वीतभर.

थांबली.

साडू अजून चार पावले दूर होता.

दार आपोआप उघडले. साहेब बाहेर पडले. सगळा शर्ट काळा झालेला. "आणि साहेबांचे पहिले शब्द ठाऊक आहेत?" काकांनी विचारले.

"'गाडी कोणी थांबवली? परवानगी कोणाची?'" काका तुच्छतेने हसले. "जीव वाचला, तर त्याचाही खुलासा पाहिजे! बेशिस्त म्हणे तो फिटर... मेल्यावरही कामाला या माणसापेक्षा चोख."

साडू साहेबांना खांबाकडे घेऊन गेला. ते बटण पेटीत असते. समोर काच. हातोडीने काच फोडल्याशिवाय बोट आत जात नाही.

बटण आत दाबलेले होते.

साहेबांनी काचेवरून बोट फिरवले... एकदा... दोनदा...

ओरखडासुद्धा नव्हता.