गवतावरची निळी पावलं

तीन पहाटा. तीन कोकरं.

मेलेलं कोकरू बघणं तसंही वाईटच. पण ही तिन्ही ज्या तऱ्हेनं मेली, ते जास्त वाईट होतं. अंगावर ओरखडा नाही. रक्ताचा थेंब नाही. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, झोपल्यासारखी. आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी.

साल २०६१, डिसेंबर महिना. जुन्नरच्या पलीकडे, डोंगरांच्या कुशीतल्या एका खोलगट शेतात बानूच्या घरच्यांचा तळ पडला होता. बानू अकरा वर्षांची. हे लोक धनगर. पाऊस संपला की पारनेरकडून मेंढ्या घेऊन निघायचं आणि कोकणात उतरायचं. वाटेत ज्याच्या शेतात मेंढ्या बसतात, त्याच्या जमिनीला लेंडीखत मिळतं. बानूच्या पणजोबाच्याही आधीपासून हे चालू आहे.

बदललं ते एवढंच, की आता त्यांच्यासोबत एक रोबो चालायचा. शेळीएवढा, सहा पायांचा, कपाळावर एक लाल दिवा. डोंगरावरचं एक हवामान केंद्र बंद पडलं, सगळे निघून गेले, आणि हा तिथेच एकटा मोजमापं घेत उभा राहिला होता. बानूनं त्याला भाकरी देऊ केली. भाकरी त्यानं घेतली नाही, पण तिच्या मागे चालत आला. तिनं नाव ठेवलं ठिपक्या.

"बिबट्या न्हाई हा," शेताचे मालक बबनतात्या म्हणाले. तिसऱ्या कोकराला त्यांनी काठीनं हलवून पाहिलं. "बिबट्या येऊच शकत नाही. त्याच्यासाठीच तर उन्हाळ्यात ही भिंत घातली."

भिंत खरंच दांडगी होती. शेत म्हणजे तीन बाजूंनी उतार आणि चौथीकडे खाली एक अरुंद तोंड. ते तोंड तात्यांनी दोन पुरुष उंच भिंतीनं बंद केलं होतं. पाणी जायला खाली मोरी ठेवली होती, पण बिबट्या तिच्यातून आत शिरेल म्हणून तीही दगड ठासून बुजवलेली.

"मग काय हाय?" बानूचे आजोबा, धुळाआजा, यांनी विचारलं.

तात्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्याबरोबर काहीतरी आलंय, आजा. उद्या तळ हलवा."

उद्या? बानूची चांदी व्यायला झाली होती. चांदी ही तिची स्वतःची मेंढी. तिनं हातानं दूध पाजून वाढवलेली, आणि हे तिचं पहिलंच वेत. ती आज रात्रीत नाहीतर पहाटे व्यायची.

संध्याकाळी आजानं चांदीला नेऊन बांधलं. कुठं? त्याच कोपऱ्यात.

"आजा, तिथं नको! तिथंच तर..."

"खुळी का काय? ओल्या कोकराला वारं लागलं की संपलं. भिंतीचा आडोसा हाय तिथं. सत्तर वर्षं मेंढरांत काढली म्या, का तुझ्या त्या डबड्यानं?"

"मी डबडं नाही," ठिपक्या म्हणाला. "माझ्या आत बावीस यंत्रं आहेत."

"बघा! उलटं बोलतंय!"

पहाटे बानूला जाग आली ती शांततेनं. वारा नव्हता. आकाशात ढगाची बोटभर चिंधी नाही, नुसत्या चांदण्या. वाघ्या, त्यांचा म्हातारा कुत्रा, उठला. भुंकला नाही. शेपूट पायांत घालून चढावर चाळीसेक पावलं गेला, बसला, आणि खाली भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. सलग चार दिवस तो हेच करत होता.

"ठिपक्या," बानू कुजबुजली, "तुला काय दिसतं?"

ठिपक्याच्या पाठीवरची पाटी उजळली. त्याचा डोळा उष्णता बघतो. गरम ते तांबडं, गार ते निळं. मेंढ्या तांबूस ढिगाऱ्यांसारख्या दिसत होत्या. आणि वरच्या उतारावरून काहीतरी निळं खाली येत होतं.

सावकाश. घोट्याएवढं. दगड आला की दोन बाजूंनी वळसा घालून पुढे एक होत होतं. पाटीवरून नजर काढली की शेतात नुसत्या मेंढ्या. पाटीकडे पाहिलं की ते आणखी चार हात पुढे. आवाज अजिबात नाही. ते मेंढ्यांच्या पायांतून गेलं. भिंतीशी पोचलं. थांबलं.

मग वर चढायला लागलं.

"कोण आहे ते?" बानूनं घोंगडी लपेटून घेतली.

"हवा," ठिपक्या म्हणाला.

"हवा दिसते होय?"

"नाही. ती ज्या गवताला शिवते ते गार पडतं, ते मला दिसतं. तू तिची पावलं बघतेयस."

कोपऱ्यात चांदी बारीक ओरडली. पाटीवर तिच्याशेजारी एक छोटा तांबडा ठिपका होता. कोकरू! निळं त्याच्या पाठीवरून वर गेलेलं. ठिपका नारिंगी झाला. मग पिवळट.

बानू धावली. कोपऱ्यात शिरताच पायांना विहिरीत उतरल्यासारखं झालं. ओलं, थरथरतं कोकरू तिनं घोंगडीत गुंडाळलं, दाव्यानं चांदीला ओढलं, आणि थेट वर, वाघ्या बसला होता तिथं गेली. चोळत राहिली. खालून आजा ओरडत आला, "अगं उघड्यावर का नेतीस? वारं लागंल!"

"वारं कुठं हाय आजा? हात लावून बघा, इथं ऊब आहे!"

"इथे आठ अंश," ठिपक्या म्हणाला. "भिंतीपाशी दोन."

आजानं वाकून जमिनीला हात लावून पाहिला.

मग ठिपक्यानं सगळं सांगितलं. दिवसा जमीन तापते, रात्री ती ऊब आकाशाकडे सोडते (याला म्हणतात उष्णता-उत्सर्जन). ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. आज गोधडी नाही. जमीन गारठली की तिला लागून असलेली हवा गारठते. गार हवा जड, म्हणून ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. वारा असता तर त्यानं तिला ढवळून टाकलं असतं. वाराही नाही.

"आणि पाण्याला बांध घातला तर?" ठिपक्यानं विचारलं.

"तळं होतं," बानू म्हणाली. मग हळूच, "भिंत!"

"थंडीचं तळं," ठिपक्या म्हणाला. "मोठ्या मेंढ्यांना लोकर आहे. ओलं कोकरू त्यात बुडतं."

आजानं चुलीतलं जळतं लाकूड घेतलं, ओलं गवत टाकलं, धूर केला. उजाडत होतं. धूर वर गेलाच नाही. जमिनीलगत सरपटत भिंतीपाशी गेला आणि तिथं सपाट पसरून राहिला. पांढरं, मुकं तळं. आजा तिथंच खाली बसला.

"म्याच तिघांना तिथं निजवलं," तो म्हणाला. बानूनं कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं. ते त्याचं बोट चोखायला लागलं.

तात्या तळ हलला का बघायला आले आणि धूर बघून थबकले. बानूनं त्यांना मोरीपाशी नेलं. दोघांनी मिळून दगड ओढून काढले. धूर वळला, मोरीत शिरला, भराभर बाहेर पडायला लागला.

"अगं पण बिबट्या आत येईल ना!" तात्या म्हणाले.

आजा उठला. धनगर मेंढ्यांभोवती जी जाळी लावतात तिला वाघर म्हणतात. जुन्या वाघरीचा एक तुकडा आणून त्यानं मोरीला घट्ट बांधला. "जनावर अडंल. हवा जाईल."

तात्या म्हणाले, "आजा... चार दिवस ऱ्हावा अजून."

दुपारी बानूनं विचारलं, "कोकणात असं का होत नाही?"

"समुद्र," ठिपक्या म्हणाला. "तो हळू तापतो, हळू निवतो, म्हणून शेजारच्या गावाला फार गारठू देत नाही. डोंगर ढगांना अडवतात, म्हणून पलीकडे धो धो पाऊस आणि तुमच्या पारनेरला कमी (त्याला पर्जन्यछाया म्हणतात). आजची हवा म्हणजे आज काय झालं. हवामान म्हणजे त्या जागेची वर्षानुवर्षांची सवय. तुम्ही त्या सवयीप्रमाणे चालता. म्हणून तुम्ही धनगर."

"आणि सवय बदलली तर? आजा म्हणतो पाऊस आता वेळेवर येत नाही."

"बदलते आहे. म्हणून मोजत राहायचं."

तेव्हापासून बानू प्रत्येक तळावर पहाटे उठते. ठिपक्या आकडे घेतो, ती वहीत थंडीची तळी काढते. मागून येणाऱ्या कळपांना ती वही हवी असते.

पण त्या शेतातली शेवटची पहाट ती विसरलेली नाही. ती मोरीपाशी बसली होती, तळहात जाळीला लावून. काहीतरी गार, मऊ, तिच्या बोटांमधून निघून चाललं होतं. संपतच नव्हतं.

"जा," बानू म्हणाली.

मागे पावलं वाजली. वाघ्या चढावरून खाली आला, आणि तिच्या पायाशी झोपला.