खिडकीजवळच्या खाटेची बेल

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढची पोस्ट वाचावी. मला कुणाला पटवायचं नाहीये, आणि तेवढा वेळही माझ्याकडे उरलेला नाही.

मी दीक्षा गजभिये. येरवड्यात एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. आमच्या घरात देवालाच जागा नाही, तिथे भुताला कुठून असणार? बाबांनी लहानपणापासून एकच शिकवलं. आधी बघा, मग माना.

मी बघितलं. म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी गणपती विसर्जन झाल्यानंतरचा गुरुवार. दिवेलागणीची वेळ. ऑफिसात निम्मे लोक अजून जागेवर होते.

आमच्याकडे एका शुश्रूषा केंद्राच्या बेलचं काम आहे. केंद्र ऑफिसपासून अगदी जवळ. प्रत्येक खाटेला एक छोटी डबी. पेशंटनं बटण दाबलं की डबी आमच्या सर्व्हरला एक पत्ता पाठवते, आपण ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकतो ना, तसलाच. त्या पत्त्यात पेशंटचं नाव असतं. सर्व्हर ते वाचतो आणि तिथल्या मावशींच्या मोबाइलवर बेल वाजते.

खरं तर खाटेचा नंबर पाठवला की भागतं. पण तिथल्या मुख्य सिस्टर इंदुबाईंनी सुरुवातीलाच ठणकावलं होतं, "नंबर पलीकडच्या जेलात देतात. माझ्याकडे माणसं राहतात. नाव पाठवा, आणि मराठीत पाठवा."

गोम इथेच आहे. वेबच्या पत्त्यात मराठी अक्षर सरळ चालत नाही. आधी त्याचं ठरावीक चिन्हांत आणि आकड्यांत रूपांतर करावं लागतं. तसं न करता पाठवलं तर सर्व्हर म्हणतो, पत्त्यात चुकीचं अक्षर आहे, आणि दारातूनच हाकलतो. कोण आलंय, कशासाठी आलंय, काही विचारत नाही.

जुना सर्व्हर ढिला होता, सगळं चालवून घ्यायचा. मी नोकरीला लागायच्या आधी कधीतरी कंपनीनं नवा, कडक सर्व्हर बसवला. त्या वेळी सगळ्या डब्या बदलल्या.

एक राहिली. खिडकीजवळच्या खाटेची.

त्या खाटेवर विमलाबाई होत्या. एकदा त्या संध्याकाळभर बटण दाबत राहिल्या. प्रत्येक वेळी सर्व्हरनं त्यांना परत पाठवलं. मोबाइल वाजलाच नाही. जेवणाचं ताट घेऊन मावशी गेल्या, तेव्हा...

बाई गेल्या होत्या.

मग त्या डबीची बॅटरी काढून ती आमच्या ऑफिसच्या कपाटात टाकून दिली. विषय संपला, असं सगळे म्हणायचे.

तर त्या गुरुवारी मी सर्व्हरनं नाकारलेले पत्ते चाळत होते. तिथे कचराच असतो. जगभरातले रिकामटेकडे काहीबाही ठोकत बसलेले असतात. आणि त्या कचऱ्यात मध्येच...

विमलाबाई.

मराठीत. त्याच जुन्या डबीकडून.

मी उठून कपाट उघडलं. डबी होती. बॅटरी नव्हती.

माझा बॉस अनिरुद्ध. पक्का पेठेतला. त्याला दाखवलं तर म्हणाला, "वा. आमचे जिवंत क्लायंट मेलला उत्तर देत नाहीत, आणि ह्या मेल्यावर बेल देतायत." मग खुर्ची वळवत म्हणाला, "सर्व्हरनं परत पाठवलंय ना, मॅडम? त्याचं काम त्यानं केलं. आपण आपलं करावं."

ते नाव रोज दिवेलागणीला यायचं. रोज परत जायचं. मी बघायचं सोडून दिलं. माणूस सवयीनं काहीही पचवतो.

दिवाळीनंतर बाबा बाथरूममध्ये घसरले. सुखदेव गजभिये, खडकीच्या कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस, खुब्याचं ऑपरेशन होऊन आडवा झाला. आई नाही. घरी मी एकटी. केंद्र ओळखीचं होतं, इंदुबाईंवर विश्वास होता. तिथेच ठेवायचं ठरलं.

खाट एकच रिकामी होती...

खिडकीजवळची.

नको म्हणायला कारण काय सांगणार होते? नवी डबी मी स्वतः बसवली, स्वतः दाबून बघितली. मोबाइल वाजत होता. मग ऑफिसात येऊन बसले.

त्या संध्याकाळी नाकारलेल्या पत्त्यांत विमलाबाईंचं नाव आलं नाही. जुन्या डबीकडून आलं ते...

सुखदेव.

पर्स तिथेच टाकून मी धावत सुटले. केंद्रात पोचले तर बाबा उशीला टेकून चहा पीत होते.

"मी कशाला बटण दाबू? बरं आहे की मला," ते म्हणाले. "तू का धापा टाकतेयस?"

परत येऊन बघितलं. बाबांचं नाव येतच होतं. आणि सर्व्हर त्यांना तेच उत्तर देत होता, जे त्यानं विमलाबाईंना दिलं होतं.

मी मानत नाही असलं काही. पण बाप आहे तो माझा.

मी दार उघडलं. सर्व्हरच्या पुढे एक छोटा प्रोग्राम बसवला. त्या जुन्या डबीकडून मराठी अक्षरं आली की त्यांचं रूपांतर करायचं आणि आत सोडायचं. बस.

"सर्व्हर आहे, धर्मशाळा नाही," अनिरुद्ध म्हणाला.

"माझ्या बाबांचं नाव आहे ते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला केंद्रातला मोबाइल वाजला. सुखदेव. मुक्ताई मावशी गेल्या तर बाबा पेंगत होते. मावशींनी पांघरूण सारखं केलं आणि आल्या. मग ते रोजचंच झालं. बेल वाजायची, मावशी जाऊन यायच्या. बाबा हळूहळू वॉकर धरून चालायला लागले. मला वाटलं, टळलं बाई एकदाचं.

बाबांना विश्रांतवाडीला घरी आणलं. तो प्रोग्राम मात्र तसाच ठेवला. काढायचा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मुक्ताई मावशींचा फोन आला. त्या सुट्टीवरून त्याच दिवशी परतल्या होत्या.

"ताई, बाबांना परत आणलंत ते सांगायचं नाही का? बेल वाजली म्हणून गेले, तर पाणी मागत होते. पाजलं. आता झोपलेत."

बाबा माझ्यासमोर बसून बातम्या बघत होते.

"मावशी, बाबा घरी आहेत," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

पलीकडे त्या परत खाटेकडे निघाल्या. चपला वाजल्या. थांबल्या. मग मावशी अगदी हळू म्हणाल्या, "खाट रिकामी आहे, ताई. पण पेल्यातलं पाणी..."

"काय?"

"संपलंय."

मी फोन ठेवला. बाबांच्या गोळीची वेळ झाली होती. पाणी घेऊन गेले.

"नको," बाबा म्हणाले. "आत्ताच प्यायलो."

त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

त्या दिवसापासून बाबा आमच्या घरात पाण्याचा थेंब घेत नाहीत. जेवतात, गोळी नुसती गिळतात. चहासुद्धा नको म्हणतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. "पाणी व्यवस्थित पितायत, असंच चालू ठेवा."

रोज दिवेलागणीला केंद्रात बेल वाजते. मुक्ताई मावशी भरलेला पेला खाटेशी ठेवतात आणि मागे न बघता बाहेर येतात. थोड्या वेळानं रिकामा पेला उचलायला जातात. इंदुबाईंनी ती खाट दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. मला एका शब्दानं काही विचारलं नाही. त्या बाईंचे उपकार मी कुठे फेडू?

मग मागच्या आठवड्यात आमच्या कंपनीत सुरक्षेची तपासणी झाली. बाहेरच्या लोकांनी माझा प्रोग्राम बरोबर शोधून काढला. चुकीची अक्षरं आत घेणारं दार म्हणजे चोराला आमंत्रण, असा शेरा मारला. बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

अनिरुद्ध माझ्या टेबलापाशी आला. टोमणा नाही, काही नाही. "दीक्षा, सोमवारी ते बंद होणार. माझ्या हातात नाही गं."

आज शनिवार आहे.

दुपारी चमच्यानं पाणी पाजायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं बाबांनी, माझ्यासाठी. पण सगळं ओठांवरून खाली उशीवर आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सोमवारनंतर त्यांना पाणी कोण देणार? सर्व्हर पुन्हा म्हणेल, चुकीचं अक्षर, आणि बाबा तिथे कुठेतरी वाट बघत राहतील.

आत्ता बाहेर अंधारून आलंय. मघाशी परत त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "बाबा, एक घोट तरी घ्या माझ्या हातचा."

आमच्या घरात बेल नाही. बाबांनी दाराकडे बघितलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाले...

"थांब जरा. बेल दिलीये मी. मावशी येतीलच."