खिंडीतले साहेब

त्या खिंडीत दुपारी बाराच्या आत मोजणीची खुंटी ठोकायची, एवढंच आमचं काम होतं. पण त्या एका खुंटीला दोन समुद्र टांगलेले होते! पश्चिमेच्या बंदरात एका देशाने पैसा ओतला होता, पूर्वेच्या बंदरात दुसऱ्याने. गडचिरोलीच्या डोंगरातलं लोखंड कोणाच्या जहाजात चढणार, यावरून दोघांची जुंपली होती. ज्याची मोजणी आधी, त्याची रेल्वे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. तिसऱ्यांच्या, म्हणजे आमच्या, वाट्याला पायपीट!

आम्ही तिघं. मी रंजीता, नागभीडची मोजणीदार, हट्टाला पेटले की कोणाच्या बापाचं न ऐकणारी. यंत्र वाहणारा दिनेश. आणि वाटाडे कोलूभाऊ, ज्यांचं घर या रानातल्या मोहफुलांवर नि मधावर चालायचं. आम्ही एका बंदराच्या कंपनीकडून; समोरच्या, दुसऱ्या बंदराच्या कंपनीची तुकडी डोंगराच्या पलीकडून निघाली होती.

नाल्याच्या डोहात दिनेश घसरला. यंत्र वाचलं, पाण्याच्या बाटल्या गेल्या. पुढे बांबूतून तासभर वाकून चाललो. मग रान एकाएकी गप्प झालं. एक पाखरू बोलेना.

कोलूभाऊ ओल्या मातीवर वाकले नि तसेच थांबले.

"बाई, वरतं साहेब बसून राह्यलेत. वापस जाऊ."

"कधीपासून?"

"सकाळपासून. मोठे साहेब आहेत. त्यांच्या आडवं जाऊ नोका."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे ते आधी पोचले! मी दिनेशच्या हातातून यंत्र हिसकावलं आणि धावत सुटले.

"पळू नोका, बाई! पळू नोका!"

खिंडीत समोरच्यांचं यंत्र आडवं पडलं होतं. शेजारी एकच बूट. झाडावर दोन माणसं हातवारे करत होती, पण त्यांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. डावीकडचं गवत हललं.

"वाघ!" कोलूभाऊ जिवाच्या आकांताने ओरडले. "बाई, वाघ! हलू नोका!"

मी थिजले. दहा पावलांवर पिवळं डोकं वर आलं. कोलूभाऊ कुऱ्हाडीने खडक बडवत, ओरडत माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. वाघ त्यांच्याकडे बघत राहिला. किती वेळ, कोण जाणे! मग तो सावकाश बांबूत शिरला.

झाडावरचे दोघं रडतच उतरले. एकाचा पाय फाटला होता. बाराला वीस मिनिटं होती, खुंटी माझ्या पिशवीत होती. गेले उडत दोन्ही समुद्र! यंत्रं तिथेच टाकून आम्ही त्याला उचललं आणि उतरलो.

नाल्यावर कोलूभाऊ कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

"सरळ वाघ का नाही म्हणालात आधी?" मी विचारलं.

"रानात त्याचं नाव घेत नाई, बाई. घेतलं का तो नाव घेणाऱ्याचा आवाज ओळखून ठेवते." ते माझ्यावर रागावलेही नव्हते. "आता मले ह्या रानात पाय नाई ठेवता येत."

मोहफुलं पडायला आठ दिवस उरले होते.