तिसरं रीडिंग

तो तेरा पायऱ्या उतरून तळघरात आला तेव्हा त्याचे डोळे हातातल्या दोन फोनांवर होते, आणि पाय... पाय थेट कोबीच्या टबात.

"आधी पाय काढा," ती म्हणाली. "माफी नंतर मागा."

"सॉरी, मी... इथे रेंज नाही."

"ते कळायला पाय बुडवावा लागत नाही. आम्हाला दीड वर्षापासून माहीत आहे."

त्याचे कान लालबुंद झाले. ते पाहून तिचा अर्धा राग तिथेच विरला. किमचीसाठी सकाळपासून मिठात ठेवलेली कोबी मात्र फेकावी लागली.

तो मोबाइल कंपनीचा माणूस होता. रेंज कुठे तुटते ते शोधत फिरणं हेच त्याचं काम. आणि तिचं हे कोरियन जेवणाचं इवलंसं दुकान : चार टेबलं, दोन शेगड्या, भिंतीलगत किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, बरण्यांची रांग. खाली फोन मुका व्हायचा. म्हणून भांडी घासायला आलेली आणि हळूहळू घरचीच झालेली मावशी फोन घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची आणि ऑर्डरी ओरडून सांगायची. तिला पदार्थांची नावं जमत नसत. बिबिम्बाप म्हणजे 'सगळं घातलेला भात'. त्तोकबोक्की म्हणजे 'लाल बोटं'. मावशीला डुलकी लागली, की ऑर्डर हुकली.

खोली तिच्या दादाची होती. वर रस्त्यालगत त्याचं टायरचं दुकान. "महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर इथे टायर ठेवतो," त्याने सांगितलं होतं. "राग मानू नकोस." हातात वीस दिवस होते. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"छताला छोटा अँटेना बसवता येईल," पाय पुसत तो म्हणाला. "तीन दिवस रेंजची तीन रीडिंग घ्यायची, मग अहवाल. आठवड्याभरात काम होतं."

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. आणि मग येतच राहिला.

रीडिंग घेताना तो इतका हळू चालायचा की जणू पाळण्यातलं बाळ उठेल. तिला ते बघायला आवडायचं.

"कोपऱ्यात एवढं काय सापडतं तुम्हाला?"

"भिंत जाड असली की लहर दमते. तरी थोडीशी आत शिरतेच. ती कुठे टेकते, ते शोधायचं."

"त्याला अर्धा तास?"

"अर्धा तास नाही..."

"मी घड्याळ बघितलंय," ती म्हणाली, आणि गरम सूपचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

तो खाता खाता तिचे हात बघत राही. कोबीचं एकेक पान उचलून ती लाल मसाला लावायची, अगदी देठापर्यंत.

"प्रत्येक पानाला?"

"आतल्या पानांना कोणी बघत नाही. म्हणून त्यांना आधी लावायचं."

"आणि लगेच खाल्लं तर?"

"तर नुसती तिखट कोबी. तिला थांबावं लागतं, तुम्हालाही."

तो हसला. मावशीने वरून विचारलं, "रेंज आली का गं?" तो घाईने फोन उचलून कोपऱ्याकडे वळला.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी तिने वर जाऊन त्याच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुमची फाइल अडकली आहे. तिसरं रीडिंगच आलेलं नाही."

ती खाली आली. तो जेवत होता.

"रीडिंग किती झाली?"

त्याने चमचा खाली ठेवला. "...एकोणीस."

"पाठवली किती?"

"दोन." मग अगदी हळू, "तिसरं पाठवलं की काम संपतं. मग खाली यायला कारण काय सांगू?"

एरवी या वाक्यावर ती विरघळली असती. आज तिने त्याच्यापुढचा वाडगा उचलला. "महिनाअखेरीला ही खोली जाणार आहे. आठ दिवस उरलेत. कारण हवं होतं तर भूक लागली म्हणायचं होतंत."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो पायऱ्या चढला, आणि मावशीशेजारी बसून त्याने अहवाल पाठवला. मग तो आलाच नाही.

सहा दिवस तिने बरण्या भरल्या. राग कधीच ओसरला होता, पण ते सांगायचं कुणाला?

सातव्या दिवशी तो आला. खांद्यावर केबल, हातात शिडी, सोबत दोन कामगार. मागोमाग टायरच्या रांगांसाठी जागा मापायला टेप घेऊन दादा. एकाने केबलसाठी, दुसऱ्याने टायरांसाठी, दोघांनी एकाच भिंतीवर हात ठेवला.

"तासभर द्या," तो दादाला म्हणाला. "उशीर माझ्यामुळे झालाय. अहवालातही तसंच लिहिलंय."

दादाने त्याला नीट न्याहाळलं आणि टेप गुंडाळली.

दुपारी शेगडीजवळ ठेवलेला फोन वाजला. पुन्हा वाजला. मग थांबेचना. तिला दोन हात पुरेनात, तेव्हा दादाच वाडगे भरू लागला. "ही लाल बोटं कुणाची?" त्याने विचारलं. टायरचं नाव त्याने काढलं नाही.

तो शिडी मिटत होता. ती जवळ गेली.

"खरं लिहिल्याबद्दल काय मिळालं?"

"विभाग बदलला. उद्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला." त्याने शिडी भिंतीला टेकवली. "दोन बस बदलाव्या लागतील. पण... मला रोज भूक लागते."

तिने पदराला हात पुसले. जरा जास्तच वेळ.

"जेवणाची सुटी कधी?"

"दोनला. इथे पोचेपर्यंत तीन वाजतील. तोवर तुमचं जेवण उरकलेलं असेल."

"छे," ती म्हणाली. "मी तीनच्या आधी कधीच जेवत नाही."

गेलं दीड वर्ष ती रोज बाराच्या ठोक्याला जेवत होती. मावशीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भांडी घासायला लागली.